पन्हं खाली, हळदीकुंकू वर

मागच्या शनिवारी कांदिवलीला भाच्याकडे गेले होते. नवऱ्याचा भाचा, म्हणजे मी त्याची मामी. नवा फ्लॅट, इतका वर की गॅलरीतून खाली बघताना कठडा घट्ट धरावा लागतो. बाहेर उन्हाची नुसती काहिली. पोरानं हातात एक उंच ग्लास दिला. काठाला तिखटमीठ लावलेलं, वर पुदिन्याची काडी, आत लिंबाची पातळ चकती. म्हणाला, "मामी, कैरीचं कॉकटेल. तुझ्या ग्लासात दारू नाही हं, घाबरू नकोस." मी म्हटलं, "का रे? मी काय घोडं मारलंय? घाल माझ्यातही." त्यानं घातली, मी प्यायले, झकास होतं. आंबट, गोड, आणि मागून घशाला जरासा चटका.

मग तो त्याच्या मित्रमंडळींना सांगायला लागला, "अरे, यातली कैरी मामीच्या पद्धतीची आहे. मामीच्या आईचं पन्हं, यार." त्यावर एक गोड चेहऱ्याची मुलगी मला म्हणाली, "सो स्वीट! म्हणजे काकू, तुमच्या आई समर पार्ट्या द्यायच्या का?"

तिची काही चूक नव्हती. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पार्टी म्हणे! माझ्या आईनं अख्ख्या बिल्डिंगचं पन्हं केलं, वर्षानुवर्षं केलं, आणि ज्या पार्टीसाठी केलं तिच्या दारातसुद्धा तिला कुणी उभं केलं नाही. हे त्या पोरीला सांगायचं कसं? मी ग्लास टीपॉयवर ठेवला आणि म्हटलं, "हो, द्यायची ना. फार मोठ्या पार्ट्या द्यायची." भाच्यानं माझ्याकडे चमकून बघितलं. माझा आवाज चढला की घरच्यांना कळतं.

चैत्र आला की मला हे होतंच. लोकांना कैरीच्या वासानं मामाचं गाव आठवतं, सुट्ट्या आठवतात. मला राग आठवतो.

आम्ही मुलुंडला राहायचो, पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. तिकडे तेव्हा बिल्डिंगा विरळ होत्या. दुपारी खाडीकडून वारा सुटायचा, तो अंगाला चिकटायचा आणि ओठांवर खारट लागायचा. मिठाचे ढीग उन्हात असे पांढरे तळपायचे की त्या बाजूला बघवत नसे. स्टेशनपाशी डोंगराकडच्या बायका येऊन बसायच्या, पुढ्यात पाट्या, पाटीत करवंदं, हिरव्याकंच कैऱ्या, कधी रायआवळे. नुकते कुणाकुणाकडे रंगीत टीव्ही आले होते आणि फ्रिज मात्र सगळ्या बिल्डिंगमध्ये दामल्यांकडेच होता. बर्फ हवा असला की वाटी घेऊन पहिल्या मजल्यावर जायचं.

आमच्याकडे त्या दिवसांत कैरी सगळ्यात पडायची. आमटीत कैरी, भाजीत कैरी, जेवताना तोंडी लावायला तक्कू, मधल्या वेळी कांदाकैरी. मेथांबा एवढा व्हायचा की पुढे पावसाळाभर पुरायचा. कलिंगड खाऊन झालं की आई त्याचा पांढरा भाग किसून थालीपिठात घालायची, साल तेवढी टाकायची, तीही गाईला. फणसाची भाजी असली की जिन्यात पाऊल ठेवताच कळायचं. कोकमाचं सरबत, लिंबाचं सरबत, त्यात किंचित आलं. घर लहान होतं, पण उन्हाळ्यात त्याला वास फार श्रीमंत असायचे.

आणि पन्हं. आईच्या पन्ह्याला तोड नव्हती, हे मी तिची मुलगी म्हणून सांगत नाही, सगळी बिल्डिंग सांगायची. ती कैरीचा देठाकडचा तुकडा दाताखाली धरून बघायची, मगच घ्यायची. कैऱ्या भाताबरोबर वाफवायच्या, कोमट असतानाच सालं सोडवायची, गर हातानं मोडायचा. चमच्यानं मोडलेलं तिला चालत नसे. गूळ चिरून, मीठ चिमूटभर, वेलदोडे साखरेबरोबर कुटलेले. कैरीत आंबटपणा कमी पडला तर वरून लिंबू पिळायची, आणि हे कुणाला सांगायची नाही. मग तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचे. डोळे उघडले की समजायचं, झालं.

डाळीचं तेच. आंबेडाळीसाठी हरभऱ्याची डाळ पाट्यावरच वाटायची, तीसुद्धा भरड. मिक्सर आला होता बाजारात. "मिक्सरमध्ये तिचं पीठ होतं, डाळ राहत नाही," असं म्हणून ती वरवंटा माझ्या हातात द्यायची. दंड भरून यायचे. त्यात किसलेली कैरी, ओलं खोबरं, मिरची, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटतंय. जळो मेलं ते.

हे सगळं कशासाठी, तर वर दामले काकूंकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी.

दामले काकू आमच्या बरोबर डोक्यावर राहायच्या. चैत्रात त्यांची गौर छोट्या पितळी झोपाळ्यात बसायची आणि एका शुक्रवारी सगळ्या बायकांना बोलावणं असायचं. बाबा होते तोपर्यंत आईही जायची. जांभळी जरीची साडी, केसांत गजरा. जाताना ती नुसती जायची नाही, पन्ह्याचं पातेलं घेऊन जायची, कारण काकूंना पन्हं बिघडवायची खोडच होती. वर बसून हसायची, गाणं म्हणायची, नाव घ्यायला लावलं तर लाजायची. परत यायची ती ओटीत ओले हरभरे, हाताला अत्तर आणि कपाळावर कुंकू लावून. मग माझ्या नाकाशी मनगट धरायची, "बघ, कसला वास येतोय."

मी नववीत असताना बाबा गेले. हृदयाचा झटका, कारखान्यातच. त्या वर्षीचा चैत्र कसा गेला आठवत नाही. पुढच्या वर्षी मात्र आठवतो. दामले काकू खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मंजू, शुक्रवारी तू ये हं संध्याकाळी. आणि आईला सांग, डाळ जरा जास्तच वाट म्हणावं. मागे कमी पडली होती."

आई स्वयंपाकघरात होती. चार पावलांवर. तिला सगळं ऐकू जात होतं. तिनं आतूनच विचारलं, "पन्ह्यात केशर घालायचंय का हो?"

"घाला ना शालूताई. तुमच्या हाताला चव आहे!"

झालं. एवढंच. कुणी कुणाचा अपमान केला नाही, आवाज चढवला नाही. ज्या बाईला गेल्या खेपेपर्यंत पाट मांडून वर बसवत होते, तिचं पन्हं हवं होतं आणि ती नको होती. तिच्या हातची डाळ देवीच्या पुढ्यात चालत होती, तिनं स्वतः तिथं उभं राहिलेलं चालत नव्हतं. मी दाराच्या कडीला धरून उभी होते. मला वाटलं होतं, आई आता काहीतरी बोलेल. आई डब्यात केशर शोधत होती.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईनं वर जावं, बायकांच्यात बसावं, आणि स्वतः केलेलं पन्हं सगळ्यांबरोबर प्यावं. बस्स. एकदा.

आता दामले काकू दुष्ट असत्या तर सोपं होतं. तसं नव्हतं ना! बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा काका-काकूच बरोबर धावले होते. तेरा दिवस त्यांनी आमच्याकडे चूल पेटू दिली नाही, दोन्ही वेळचा डबा वरून यायचा. मला ताप आला तर काकू बर्फाच्या पट्ट्या घेऊन उशाशी बसायच्या. अशा बाईवर कसं रागवायचं? मी रागवले. मला जमतं ते.

हळदीकुंकवाच्या दिवशी आई पातेलं जिन्यापर्यंतसुद्धा न्यायची नाही. नटूनथटून येणाऱ्या बायकांच्या समोर ऐन शुभवेळी आपण आडवं जायला नको, म्हणून. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती, तिची तिनंच काढली होती. पातेलं मी न्यायची. वर गेलं की काकू माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या, हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी. मी कुमारिका, मला सगळं चालत होतं. कलिंगडाचं कमळ कापलेलं, काकडीच्या चकत्या, करंज्या, गौरीच्या पुढे पांढरा मोगरा. बायका पहिला घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई! काय पन्हं झालंय! शालूताईंनीच केलंय ना?" कौतुक अगदी मनापासून. आणि जिचं कौतुक ती त्यांच्या पायाखाली, फरशीच्या पलीकडे, पाटा धूत बसलेली. हसण्याचा आवाज खाली नीट ऐकू यायचा. मला माहीत आहे, कारण एकदा मी मुद्दाम खाली बसून ऐकला होता.

रिकामं भांडं परत करू नये म्हणतात. म्हणून काकू पातेलं विसळून त्यात ओले हरभरे आणि कलिंगडाची एक फोड घालून पाठवायच्या. बाकीच्या बायकांना हरभरे ओटीत, माझ्या आईला पातेल्यात. आई दुसऱ्या दिवशी त्याची उसळ करायची, वर लिंबू पिळून मला वाढायची. मी ताट सरकवायची.

"खात का नाहीस?"

"मला नको त्यांची उसळ."

"हरभऱ्यानं काय केलंय तुझं?"

"आई, तू करतेस कशाला हे? सांग ना त्यांना, नाही जमणार. करा म्हणावं तुमचं तुम्ही. कळेल मग!"

"अगं, वर्षातून एकदा. माझं काय झिजतं?"

"पण तुला बोलावत नाहीत ना! कामापुरता मामा नि ताकापुरती आजीबाई, तसं चाललंय तुझं."

"मग बोलवून काय करतील?" आई अगदी शांतपणे म्हणायची. "कुंकू तर लावता येणार नाही मला. नुसतीच बसू कोपऱ्यात? त्यांनाही अवघड, मलाही. त्यापेक्षा इथं बरं. डाळ बरी झाली होती ना? मीठ?"

मीठ! मी पाय आपटत गॅलरीत जायची. तिथून वर दामल्यांच्या गॅलरीतल्या कुंड्या दिसायच्या. एकदा वाटलं, दगड मारावा. मारला नाही, कारण खालून नेम लागला नसता.

हे सगळं आता कुणाला सांगितलं की लोक मान हलवतात. "हो, पूर्वी होतं खरं असं." पूर्वी! पूर्वी म्हणजे काय पेशवाई होती काय? मी कॉलेजात जात होते. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका नोकऱ्या करत होत्या, बॅंकेत, टेलिफोनमध्ये. सकाळी डबे भरून पळायच्या, साहेबांशी इंग्रजीत भांडायच्या. त्याच बायका शुक्रवारी पदर सावरून बसायच्या आणि माझ्या आईच्या नावानं पन्हं प्यायच्या. एकीच्याही घशात ते अडकलं नाही. गूळ जरा कमी असता तर लगेच कळलं असतं त्यांना.

मी तेव्हापासून कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाही. लग्नानंतर सासरी यावरून बरीच महाभारतं झाली. सासूबाई म्हणायच्या, "सवाष्ण बाईनं असं नाही म्हणू नये." मी म्हटलं, सवाष्ण काय, उद्या ह्यांना ठेच लागली तर परवा मी कोण? तेव्हा आमच्या घरी आठवडाभर शांतता होती. आता सोसायटीतल्या पोरी म्हणतात, काकू फार मॉडर्न आहेत. मॉडर्न कसली, कप्पाळ माझं! मी नुसती चिडलेली आहे.

मी एस.वाय.ला असताना पौषात दामले काका गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले ते जिन्यातच बसले, उठलेच नाहीत. आवाज ऐकून पहिली धावली ती आई. मग तेरा दिवस डबा खालून वर गेला. आई दोन्ही वेळा स्वतः घेऊन जायची. काकू जेवत नसत, तर ही समोर बसून भात कालवून द्यायची. काकूंचं रिकामं कपाळ मी पहिल्यांदा बघितलं आणि मला त्यांची ओळखच पटली नाही. नेहमी रुपयाएवढं ठसठशीत कुंकू असायचं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याबरोबर डोक्यात एक विचारही आला, की आता कळेल. आता ह्यांना कळेल, आणि हे सगळं बंद होईल. एकीला बाहेर ठेवणं सोपं असतं, दोघींना कसं ठेवतील?

चैत्र आला. गौर काकूंच्या समोरच्या सुनीतावहिनीकडे बसवायची ठरली. सुनीतावहिनी नवीन लग्न झालेली, माझ्यापेक्षा थोडीच मोठी. तिचं माझं गूळपीठ. मी तिला गच्चीवर गाठलं, पापड वाळत घालत होती.

"वहिनी, एक मागते, नाही म्हणू नकोस. आईला नि दामले काकूंना बोलाव. रीतसर. सगळ्यांसारखं."

तिनं पापड टाकता टाकता विचार केला. "मला काही नाही गं. सासूबाई गावालाच आहेत. पण बाकीच्या?"

"बाकीच्यांना मी बघते."

"आणि कुंकू?"

"कुंकवाचंही मी बघते. तू फक्त बोलाव."

आणि खरंच ती आली की खाली! करंडा घेऊन दारात उभी राहिली, आईला वाकून नमस्कार केला, म्हणाली, "शालूताई, शुक्रवारी पाच वाजता हळदीकुंकवाला यायचं. डाळ-पन्हं माझं मी करणार आहे. तुम्ही नुसतं यायचं, बसायचं, प्यायचं." काकूंनाही तसंच सांगून आली. मी आतल्या खोलीत नाचायचीच बाकी होते. आई "बरं, बरं" म्हणाली. नाही म्हणाली नाही! मी जांभळी साडी काढून उन्हात टाकली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता.

शुक्रवारी दुपारी कॉलेजातून आले तर जिन्यातच वाफवलेल्या कैरीचा वास. आत जाऊन बघते तर स्वयंपाकघरात पाटावर दोघी समोरासमोर. दामले काकू किसणीवर कैरी किसतायत आणि आई पन्ह्याचा गर मोडतेय. साडी तशीच दोरीवर.

"हे काय चाललंय?"

आई म्हणाली, "अगं, सुनीताला कुठलं जमतंय पन्हं. सकाळी आली रडवेली होऊन, गुळाचा पाक करून बसली होती. म्हटलं, आण इकडे. काकूही रिकाम्याच होत्या, त्यांना म्हटलं, या खाली, दोघी मिळून करू."

"ठीक आहे. झालं ना करून? आता साड्या बदला. पाच वाजत आलेत."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. हसल्या! लहान मूल काहीतरी बोललं की मोठी माणसं हसतात ना, तसं.

"आम्ही कुठल्या येतोय," आई म्हणाली. "तिनं बोलावलं, पोरीचं मन मोठं. पण आपण समजायला नको का? तिचं नवीन लग्न झालेलं. उद्या काही झालं म्हणजे?"

"काय होणारे? काय होणारे, आई? तू पातेलंभर पन्हं पाठवलंस तर काही होत नाही, नि तू गेलीस की होतं?"

"मंजू, आवाज खाली."

"नाही करणार खाली! काकू, तुम्ही तरी सांगा ना हिला."

काकूंनी किसणी थांबवली. त्यांचे डोळे लाल होते, कैरीच्या आंबटाचे की कसले कोण जाणे. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. आईला म्हणाल्या, "शालूताई, मी इतकी वर्षं तुम्हाला एकदासुद्धा वर बोलावलं नाही. आज सकाळपासून तेच घोळतंय मनात. कसं हो मला कळलं नाही?"

इतक्या वर्षांत हे वाक्य मी मनातल्या मनात हजारदा त्यांच्या तोंडी घातलं होतं. आता आई काय म्हणते याकडे माझे कान लागले.

आई गर मोडतच म्हणाली, "त्यात काय एवढं? तुमच्या जागी मी असते नि माझ्या जागी तुम्ही, तर मीही नसतं बोलावलं."

आणि हे ती इतक्या मायेनं म्हणाली! काकूंचं मन हलकं व्हावं म्हणून म्हणाली, आणि झालंही. काकूंनी डोळे पुसले, परत किसणी ओढली. आई त्यांना सांगत होती, कीस दाबून घ्या, पाणी सुटतं. आमच्या घरात बाबा गेल्यापासून इतकी मजेत मी तिला बघितली नव्हती. तिला सोबत मिळाली होती. त्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं ती एकटी होती, आता दुसरी आली होती, आणि तिला वाटत होतं की हे चांगलं झालं.

माझं डोकं फिरलं. मी वर धावले. सुनीतावहिनीकडे बायका जमायला लागल्या होत्या, गौरीपुढे उदबत्ती लागली होती. मी कुणाशी न बोलता चौरंगावरचा करंडा उचलला आणि तशीच खाली आले. मागून सुनीतावहिनी "अगं, अगं" करत राहिली. स्वयंपाकघरात जाऊन मी आईसमोर बसले, कुंकवात बोट बुडवलं.

"येत नाही ना वर? नका येऊ. मी इथं लावते. बघू काय होतं ते."

माझं बोट अजून करंड्यातच होतं, तेवढ्यात दोघींचे हात एकदम वर गेले. आईचा गरानं भरलेला, काकूंचा किसानं. दोघींनी आपापलं कपाळ तळहातानं घट्ट झाकून घेतलं. कुणीतरी मारायला आल्यासारखं. माझी आई माझ्याकडे बघत होती ती घाबरून, आणि ती मलाच घाबरली होती.

मी इतकी वर्षं रागावले होते वरच्या मजल्यावर. काकूंवर, बायकांवर, त्या अत्तरावर नि कलिंगडाच्या कमळावर. आणि दाराला कडी आतून होती. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला? मी करंडा फरशीवर आपटला. कुंकू सगळीकडे उडालं, माझ्या ड्रेसवर, पाटावर, पाट्यावर, पण त्या दोघींच्या अंगावर एक कण गेला नाही. त्या आधीच मागे सरकल्या होत्या.

वरून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी नाव घेतलं असेल.

आईनं हळूच हात खाली घेतला. तिच्या कपाळाला कैरीचा गर लागला होता, पिवळसर, बरोबर मधोमध. तिला ते जाणवलं. ती चटकन पदर ओला करून पुसायला लागली. एकदा पुसलं, परत पुसलं, कातडी लाल होईतो पुसलं. मग तोंड माझ्यापुढे केलं आणि काळजीनं विचारलं, "राहिलं नाही ना गं काही?"

"नाही!" मी ओरडले. "काही राहिलं नाही!"

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पन्ह्यात पाणी घालायला उठली.